पितळी पाटीचा चौथा खिळा

आधी चहा घ्या. तोंडातला घोट नीट गिळा, मग सुरुवात करतो. मधेच हसू आलं आणि ठसका लागला तर पाठ थोपटायला मी उठणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही मला चांगले ओळखता. विजेच्या बाबतीत माझ्याइतका सावध माणूस कोरेगावपासून साताऱ्यापर्यंत शोधून सापडायचा नाही, हे मी सांगतो म्हणून नव्हे, सगळे सांगतात. आणि याच सावध माणसानं, स्वतःच्या नव्या घरात, स्वतःच्या हातानं, भर दुपारी काय करून ठेवलं ते ऐका!

फौजेत माझं सगळं आयुष्य जनरेटर, बॅटऱ्या आणि वायरींच्या जंजाळात गेलं. सुभेदार होऊन घरी आलो. फौजेनं मला पेन्शन दिली, मिशा दिल्या आणि एक सवय दिली. नवीन बसवलेली विजेची कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय चालू करायची नाही. मग तो डोंगराएवढा जनरेटर असो नाहीतर देवघरातला बल्ब.

आता आपल्याकडची तपासणी तुम्हाला ठाऊकच आहे. बटण दाबायचं आणि पटकन मागं सरायचं. धूर आला तर बिघडलंय, नाही आला तर झाक आहे! मोटर बसवली, दाबा बटण. गिरणी आणली, दाबा बटण. माझं हे बघून डोकं फिरायचं. मी दिसेल त्याला थांबवून भाषण द्यायचो. लोक रस्ता बदलून जायला लागले, पण मी हटलो नाही.

घरातही तेच. सौभाग्यवतींनी हौसेनं नवा मिक्सर आणला. मी तो ताब्यात घेतला. प्लगच्या पिना बघितल्या, वायर बोटाबोटानं चाचपली, अर्थिंगची वायर आतपर्यंत नीट पोचते का ते बघितलं. तोवर बाईसाहेबांनी पाट्यावर चटणी वाटून, भाकरी थापून, जेवणं उरकली होती.

"आवं, चटनी वाटायची हाय त्येच्यात," त्या म्हणाल्या, "लढाईवर न्हाई धाडायचा!"

हसा, हसा. मीही हसतो आता. पण तो मिक्सर अजून चालतोय, हे लक्षात ठेवा.

तर नवं घर बांधलं. आणि घराचं सगळं वायरिंग कुणी केलं माहीत आहे? आमच्या सूनबाईंनी! पल्लवीनं. माहेर जतकडचं, आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला, सरकारी लायसन असलेली पोरगी. मुलगा माझ्यासारखाच फौजेत, लांब सीमेवर. आणि ही इथं शिडीवर चढून भिंतीत पाइप बसवतीय, बोर्ड भरतीय. लोक मुद्दाम रस्त्यात थांबून बघायचे. मी खाली खुर्ची टाकून बसायचो आणि बघणाऱ्यांकडे बघायचो. छाती अशी फुगायची की सदऱ्याची बटणं बदलायची वेळ आली.

आमचं ठरलेलं होतं. वायरिंग तिचं, तपासणी माझी. ज्यानं काम केलं त्यानंच ते तपासायचं नाही, हा फौजेचा शिरस्ता. आणि मुख्य बोर्डात ईएलसीबी बसवायचा हट्ट दोघांचाही. ईएलसीबी म्हणजे कुठं वीज गळायला लागली, कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, की डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी लाइन बंद करणारी पेटी. तो बसवला त्या दिवशी मी सौ.ना बोलावून समजावून सांगितलं.

"हे काय डबडं म्हणून समजू नकोस. हे आपल्या घराचं रक्षण करणार."

"कुणापास्नं?" त्यांनी विचारलं.

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार? "अगं, धोक्यापासून," मी म्हटलं. त्या "बरं" म्हणून निघून गेल्या. पटलं नव्हतं, हे चालण्यावरूनच कळलं.

आता यात आमचे अण्णा कुठून आले ते सांगतो. अण्णा म्हणजे माझे बोर्डिंगातले दोस्त. पलूसकडचे जैन, घरच्या द्राक्षबागा, बेदाण्याचा धंदा. त्यांनी बेदाणा ठेवायला नवं शीतगृह बांधायला काढलं होतं. त्याचं वायरिंग मिळावं अशी पल्लवीची फार इच्छा होती. घरातलं वायरिंग ठीक आहे हो, पण एवढं मोठं काम एकदा हातून झालं की मग तिला 'तुझा नवरा कुठाय, त्याच्याशी बोलू' असं कुणी म्हणणार नव्हतं. मी अण्णांना फोन केला.

"गड्या, पोरगी हुशार असंल," अण्णा म्हणाले, "पण माजा सगळा माल त्या थंडीवर टिकनार. कुटं काय चुकलं तर वर्षाचं पीक नासतंय. बाईमानसाच्या हातात द्यायचं म्हंजे..."

"आमच्या वास्तूला ये. डोळ्यांनी काम बघ. मग बोल," मी म्हटलं.

"येतो. पर दिवस मावळायच्या आत मला जेवाय लागतंय, ध्यानात ठेव."

तर वास्तुशांतीचा दिवस. होम सकाळीच उरकला. त्याच्या आधी, पाहुणे यायच्या आधी, मी माझी तपासणी मांडली. अहाहा! काय सांगू! माझ्याकडे मेगर आहे. हातानं दांडा फिरवायचं जुनं यंत्र. लाइन जोडायच्या आधीच ते सांगतं, वायरीवरचं आवरण शाबूत आहे का, कुठं वीज गळणार आहे का. प्रत्येक बोर्डाचा स्क्रू आवळून बघितला. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. फेज फेजच्या जागी, न्यूट्रल न्यूट्रलच्या जागी. मग मेगर लावला आणि दांडा फिरवला. काटा असा टोकाला जाऊन उभा राहिला, जसा परेडला जवान! एकेक करून सगळ्या खोल्या, सगळ्या वायरी, नंबर एक. पल्लवीच्या कामात खोट काढायला जागाच नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या.

मग मी अंगणात उभा राहून सगळ्या घरादाराला, मांडववाल्याला, आचाऱ्याला हुकूम सोडला.

"तपासणी झालेली हाय! आता लाइन चालू हुईपातूर भिंतीला कुनी बोट लावायचं न्हाई. तोरन बांधायचं तर चौकटीला बांधा. भिंतीत टाचनीसुदिक गेली तर माज्याशी गाठ हाय!"

लोक घाबरले. एका बाईनं भिंतीला टेकलेली पाठसुद्धा सरळ केली.

आणि दुपारी, जेवणाची पहिली पंगत उठत असताना, मिरजेहून माझी पाटी आली.

पाटी! पितळेची, जाड, चकचकीत. वर 'सुभेदार (निवृत्त)', खाली माझं पूर्ण नाव. आमच्याकडे फौजीचं घर पाटीशिवाय घर वाटतच नाही, हे तुम्हाला सांगायला नको. घराला रंग नसला तरी चालतो, पाटी पाहिजे. कित्येक वर्षं मनात होती ती. मी तिच्यात स्वतःचं तोंड बघून मिशी सारखी केली.

पल्लवी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, पाटी उद्या लावू. जागा मी दाखवते तुमास्नी."

उद्या? अण्णा आज येणार आणि पाटी उद्या? म्हणजे अण्णांनी घर बघायचं आणि ते कुणाचं ते कळायचं नाही? मला काही ते सोसवेना. ती आत गेली तसा मी हातोडी घेऊन व्हरांड्यात आलो. दाराशेजारी बेलचं बटण होतं. पाटी कुठं लावतात? बेलच्या बरोबर वर. पाहुणा बेल दाबायला हात नेतो, डोळे वर जातात, नाव वाचतो, मनातल्या मनात सलाम ठोकतो. जागा कशी ठरलेलीच!

पाटीला चार कोपऱ्यांत चार भोकं. पोलादी खिळे घेतले. पहिल्या तीन खिळ्यांनी घाम काढला. एक वाकला, तो पुन्हा सरळ केला. पण चौथा! चौथा असा सरकन आत गेला, जसा ताज्या लोण्यात. मी स्वतःशीच म्हटलं, बघ, हात बसला की काम कसं होतं!

आता तुम्ही म्हणाल, सुभेदार, तुमचाच हुकूम होता ना, भिंतीत टाचणी नको म्हणून? होता की! पण खरं सांगतो, त्या वेळी मला पाटी म्हणजे खिळा वाटलाच नाही. खिळा तो खिळा, पाटी ती पाटी! वर झेंडूचा ओला हार आणला, एक टोक पाटीला अडकवलं, दुसरं व्हरांड्याच्या लोखंडी ग्रीलला. लांब उभं राहून बघितलं. अशी शोभा आली, अशी शोभा आली, की मी शेजाऱ्याला हाक मारून दाखवली.

अण्णा आले ते ऊन उतरता उतरता. पांढरी टोपी, हातात बेदाण्याची पिशवी. बेलपाशी थबकले, वर बघितलं.

"वा रं सुभेदार! नाव झळकतंय!"

माझं घोडं गंगेत न्हालं. त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळा स्वयंपाक ठेवला होता, पण मी म्हटलं, आधी दिवे बघ, मग जेव. सगळे जमले. पल्लवी मुख्य बोर्डापाशी उभी. सौ. हळद-कुंकवाचं ताट घेऊन व्हरांड्यात, पाटीजवळ. दिवे लागले की पाटीला ओलं हळद-कुंकू लावायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बोटं पाण्यात बुडवून तयार!

पल्लवी हळूच म्हणाली, "मामा, सकाळपास्नं लय मानसं येऊन-जाऊन हायत. चालू करायच्या आदी परत एकदा मेगर लावू या का? दोन मिनटाचं काम हाय."

मी अण्णांकडे बघून हसलो. "सूनबाई, माझी तपासणी एकदाच होते!"

अशी वाक्यं माणसाच्या तोंडून कशी निघतात, देव जाणे.

"कर चालू!"

तिनं मुख्य बटण वर केलं. टक्! दिवे लागायच्या आधीच ईएलसीबीचा खटका खाली पडला.

पुन्हा वर केला. टक्!

अण्णांनी घसा खाकरला. तो आवाज मला तोफेसारखा ऐकू आला. पल्लवीनं घाबरून न जाता सगळ्या खोल्यांच्या लाइनी बंद केल्या, ईएलसीबी चढवला, आणि एकेक लाइन चालू करत गेली. स्वयंपाकघर लागलं. माजघर लागलं. वरची खोली लागली. व्हरांडा चालू केला, टक्!

"व्हरांड्याच्या वायरीत दोष हाय," ती म्हणाली.

आणि इथं मी माझं शहाणपण दाखवलं. आवाज चढला माझा. चार लोकांत, अण्णांच्या समोर!

"व्हरांड्याची वायर कुनी वढली?"

"मीच," पल्लवी म्हणाली.

"मग? पाईपात वढताना सोललीस व्हय गं?"

पोरीचा चेहरा उतरला. अण्णांनी मावळतीकडे बघितलं, मग जोड्यांकडे. मी आणखी पुढं गेलो. मोठेपणा दाखवायची हौस! अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "पोरगी नवीन हाय, अण्णा. चुकतंय मानूस. शिकंल हळूहळू."

म्हणजे बघा, तिची बाजू घेतोय असं वाटत होतं मला! प्रत्यक्षात तिच्या हातातलं काम मीच काढून घेत होतो. अण्णा पुटपुटलेसुद्धा, "तेच म्हनत हुतो मी..."

पल्लवीनं मुख्य बटण बंद केलं. टेस्टर आधी शेजारच्या मांडवाच्या चालू लाइनवर लावून तो पेटतो का ते बघितलं, मग आपल्या बोर्डावर लावून लाइन खरंच बंद आहे याची खात्री केली. अशी पोरगी आहे बघा! मग पदर खोचून व्हरांड्यात आली. तिनं भिंतीकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. मला वाटलं, शोभा बघतीय. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतीय.

"मामा," ती म्हणाली, "सकाळी मेगर तुमीच लावला. काटा टोकाला हुता ना?"

"हुता की! माजी तपासनी खोटी म्हनायची हाय का तुला?"

"न्हाई वो. म्हंजे सकाळी वायर चांगली हुती. मग दुपारी काय झालं?"

"काय झालं म्हंजे? कुनीतरी कायतरी ठोकलं असनार! मी हुकूम दिलावता! कोन हाय तो? मांडववाला? आचारी?" मी चौकशी सुरू केली. मांडववाला म्हणाला, देवाशप्पथ नाही. आचारी म्हणाला, मी चुलीपासून हललोच नाही. शेजारी माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्याच्यावरही डोळे वटारले.

"तसं नगं मामा," पल्लवी अगदी गोड आवाजात म्हणाली. "भिंतीतली वायर कशी गेलीया, ते बोटानं दावा की सगळ्यांना. म्हंजे अन्नांस्नी पन समजंल."

आता शिकवायला सांगितल्यावर मी थांबणार आहे होय? मी पुढं झालो. लाइन बंद, बोट भिंतीला लावायला हरकत नव्हती. फौजेत पोरांना शिकवायचो त्या आवाजात सुरू केलं.

"हां, सगळ्यांनी बघा! वायर वरून येते, ही छताजवळून. भिंतीत वायर तिरकी कधी जात नाही. सरळ खाली! म्हणून बोर्डाच्या बरोबर वर आणि बरोबर खाली कधी खिळा ठोकायचा नाही, हे मी गावाला ओरडून सांगतो. तर ही आली खाली... अशी खाली... सरळ बेलच्या बटणाकडं... आणि इथं..."

बोट थांबलं.

बोटाखाली पितळ होतं. गार, चकचकीत. 'सुभेदार'च्या 'सु'च्या बाजूचा कोपरा. चौथा खिळा.

काय सांगू तुम्हाला, त्या वेळी घरात लाइन नव्हती, तरी मला झटका बसला!

झेंडूचा ओला हार पाटीवरून ग्रीलपर्यंत लोंबत होता. वायरीत घुसलेल्या खिळ्यातून पाटीत, पाटीतून हारात, हारातून ग्रीलमधून जमिनीत, विजेला रस्ता मीच करून दिला होता, फुलांनी सजवून! मग माझी नजर बाजूला गेली. सौ. तशाच उभ्या होत्या, ताट हातात, ओली बोटं पाटीपासून वीतभर लांब. ते डबडं पडलं नसतं तर? दिवे लागले असते, टाळ्या पडल्या असत्या, आणि त्यांनी हात पुढं केला असता. मी खाली पायरीवर बसलो. आयुष्यात गोळीबार ऐकलाय मी, पण असा मटकन कधी बसलो नव्हतो.

अण्णांनी पुढं होऊन पाटी नीट वाचली. मोठ्यानं वाचली.

"चूक कुनाची, ते हितं लिवूनच ठेवलंय की रं गड्या! पितळंत!"

आणि मग जो हशा उसळला! आचारी झारा हातात घेऊन हसतोय, मांडववाला खांबाला धरून हसतोय, ज्या बाईनं सकाळी पाठ सरळ केली होती ती आता भिंतीला टेकून खुशाल हसत होती.

मी उठलो. सगळ्यांच्या देखत पल्लवीसमोर उभा राहिलो. "पोरी, तुज्या कामात खोट न्हाई. खोट माज्या हातोडीत हाय," म्हणालो. खिळे मीच उपसले. तिनं ती वायर ओढून काढून नवी टाकली, आणि मग मला न विचारता मेगर माझ्या हातात दिला. मी मुकाट्यानं दांडा फिरवला. काटा टोकाला. ईएलसीबी वर केला. या वेळी तो टिकला. सगळं घर एकदम उजळलं, आणि मावळतीचं ऊनही अजून शिल्लक होतं.

अण्णा पानावर बसले. अर्धी पोळी संपवली आणि म्हणाले, "पोरी, उद्या पलूसला ये. जागा बघून घे."

पल्लवीनं वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "का रं, आता बाईमानसाच्या हातात द्यायचं म्हंजे काय वाटत न्हाई?"

"चूक ज्येची, त्येच्याच बोटानं दावून दिली तिनं. आनि आवाज न चढवता. असं मानूस मला पायजेच. पन एक अट हाय," अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो हातोडी घिऊन माज्या शीतघराकडं फिरकला न्हाई पायजे."

आज ते शीतगृह उभं आहे. पल्लवीनं सगळं वायरिंग केलं, पहिल्या झटक्यात चालू झालं. तपासणीला मला बोलावलं होतं, पण हात मोकळे दाखवून मगच आत सोडलं. माझी पाटी आता कुठं आहे? फाटकाच्या दगडी खांबावर. पल्लवी म्हणाली, आपल्या हद्दीत वायर नसलेली तेवढीच एक जागा आहे.

पण त्या दिवशीचं राहिलंच. अण्णा गेले, मांडव आवरला. मी मुख्य बोर्डासमोर उभा होतो. आणि खरं सांगू? लाज वाटत होती, पण अभिमानही दाटून आला होता. हे डबडं बसवायचा हट्ट कुणाचा? माझा! माझ्या हट्टानंच माझ्या घरातलं माणूस वाचलं. मी सौ.ना हाक मारली. छाती पुढं काढून म्हटलं,

"बघितलंस? विचारत होतीस ना, हे घराचं रक्षण कुणापासून करणार म्हणून?"

त्यांनी ईएलसीबीकडे बघितलं. कोपऱ्यातल्या हातोडीकडे बघितलं. मग माझ्याकडे, मिशीपासून पायापर्यंत.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "आज दिसला मला. ह्यो काय, समोरच हुबा हाय."